शर्टाची बाही कोटासारखी बसवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला घरच्या घरी शर्ट शिवण्याविषयीचा लेख वाचला. कॉलर, कफ आणि काजं यांची माहिती नेमकी आहे. बाहीचा परिच्छेद मात्र कोटाच्या शिवणातून उचलून शर्टाला जोडल्यासारखा वाटतो. बाहीच्या गोलाईवर दोन ढिल्या टिपा मारा, दोरे ओढून जास्तीचं दोन इंच कापड जमवा, बाहीची आणि कुशीची (बगलेखालची, बाजूची) शिवण आधी पुरी करा आणि मग ती तयार नळी मुंढ्यात (बाही जोडायच्या गोल कापात) बसवा, असा त्यातला सल्ला आहे. लोकरी कोटाला आणि फुग्याच्या बाहीला ही रीत योग्यच. सुती शर्टाला ती लावली की खांद्याच्या टोकावर बारीक चुण्या उरतात, त्या इस्त्रीने जात नाहीत, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्या हातात सफाई नाही. शिवण शिकवणाऱ्या आम्हा काही जणांना या चुण्यांचं मूळ बहुतेक वेळा कापण्यात आणि शिवण्याच्या क्रमात सापडतं. पत्र थोडं लांबलं आहे, कारण या विषयात अर्धवट सूचनाच जास्त नडतात.

आधी कापडाविषयी. कोटाची बाही मुंढ्यापेक्षा दीड-दोन इंच मोठी असते आणि तरी सपाट बसते, याचं श्रेय लोकरीला आहे. लोकरीला वाफ दिली की धागा आक्रसतो, जास्तीची लांबी आत जिरते आणि खांद्याला गोलवा येतो. घट्ट विणीचं पॉपलिन वाफेला असं बधत नाही. त्यात जिरवायला घेतलेलं कापड कुठेतरी घडी होऊनच राहणार. म्हणून शर्टाच्या बाहीला मुंढ्यापेक्षा जास्तीत जास्त अर्धा इंच लांबी पुरते, तीही दोन्ही बाजू मिळून. आत दुमडून पक्की शिवण करायची असेल तर पाव इंचच ठेवावा. अगदी बरोबरीने कापली तरी चालते.

आता बाहीचा माथा, म्हणजे काखेच्या रेषेपासून खांद्याच्या टोकापर्यंतची उंची. शर्ट आणि कोट यांच्यातला खरा फरक इथे आहे. एक उदाहरण घेऊ. टिपेवर, म्हणजे शिवण जाते त्या रेषेवर, मोजलेला मुंढा २० इंच आहे, म्हणजे निम्मा १० इंच. काखेच्या टोकापासून माथ्यापर्यंत १० इंचांची तिरपी रेष धरली आणि माथा साडेचार इंच ठेवला, तर दंडाची निम्मी रुंदी ८.९ इंच येते, पूर्ण रुंदी सुमारे १७.९ इंच. तोच माथा साडेसहा इंच केला तर रुंदी १५.२ इंचांवर येते. मुंढा तोच, शिवायची लांबी तीच, पण दंडात पावणेतीन इंचांचा फरक. प्रत्यक्षात माथ्याची रेष वळणदार असल्यामुळे ती तिरप्या रेषेपेक्षा थोडी लांब भरते. म्हणून तिरपी रेष दहाऐवजी साडेनऊ-पावणेदहा इंच धरावी, वळण काढल्यावर टेपने मोजावं आणि मग काखेच्या टोकाला कमी-जास्त करावं.

उंच माथ्याची बाही हात खाली सोडला असताना सुरेख पडते, एकही सळ दिसत नाही. पण हात वर केला की दंडात अडकते आणि सगळा शर्ट कमरेतून वर ओढते. कमी माथ्याच्या बाहीत हात मोकळा हलतो. त्याची किंमत म्हणून हात खाली असताना काखेपाशी दोन-तीन तिरपे सळ पडतात. शर्टात ते सळ पडायचेच. आरशासमोर हात सरळ सोडून उभं राहायचं आणि तेवढे सळ घालवण्यासाठी माथा वाढवत न्यायचा, हा खटाटोप व्यर्थ आहे. शर्ट घालून माणूस काम करतो. साडेचार ते पाच इंचांचा माथा बहुतेक अंगांना पुरतो. खांदा मुद्दाम बाहेर काढून उतरता ठेवला असेल, तर तो जितका बाहेर गेला साधारण तितका माथा कमी करावा, नाहीतर दंडावर कापडाचा फुगा उभा राहतो.

यानंतरची गोष्ट फार थोड्या ठिकाणी लिहिलेली आढळते, आणि तुमच्या लेखातल्या ‘जास्तीच्या दोन इंचां’चा उगम बहुधा तिच्यातच असावा. मुंढा आणि बाही पुष्कळ जण कापलेल्या कडेवर मोजतात. मोजायला हवी ती टिपेची रेष. मुंढ्याची गोलाई पूर्ण खोलगट असते, त्यामुळे कड टिपेपेक्षा आखूड भरते. खांद्यापासून काखेपर्यंत आणि पुन्हा वर, असं दोन्ही बाजूंनी मिळून मुंढा साधारण अर्धवर्तुळाइतका वळतो. शिवणीची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड, ३/८ इंच असेल तर कड टिपेपेक्षा १.२ इंचांच्या आसपास आखूड येते. माया ५/८ इंच असेल तर हाच फरक जवळपास दोन इंच होतो. बाहीत असं होत नाही. तिचा वरचा भाग फुगीर आणि काखेजवळचा खोलगट असल्यामुळे एकीकडे वाढलेली लांबी दुसरीकडे फिटते. म्हणजे टिपेवर दोन्ही तंतोतंत जुळत असले तरी कडेवर मोजणाऱ्याला बाही इंच-दोन इंच मोठी दिसणार. मग तो ती उगाच जमवायला जातो, किंवा माथा कापून टाकतो आणि बाही खरोखरच अपुरी पडते. कागदी नमुन्यावर टिपेची रेष आखावी आणि टेप आडवी न ठेवता तिच्या कडेवर उभी धरून त्या रेषेवरून फिरवावी. उभी टेप वळणावर नीट वळते. योक (खांद्यावरचा वेगळा जोडतुकडा) असेल तर पुढचा भाग, योक आणि मागचा भाग यांचे तुकडे वेगवेगळे मोजावेत आणि जोडाच्या शिवणीत जाणारं कापड वजा करायला विसरू नये.

फरक खरोखरच निघाला तर कुठून काढायचा? सवयीने सगळे माथ्यावर कात्री चालवतात. वरच्या उदाहरणात माथा पाव इंच उतरवला तर एकूण लांबी जेमतेम पाव इंचानेच घटते. दंडाच्या रुंदीतून दोन्ही टोकांना पाव पाव इंच काढलं तर लांबी जवळजवळ अर्धा इंच कमी होते. दंड सैल असेल तर रुंदीतून काढावं. दंड आधीच बेताचा असेल तर मुंढा काखेत थोडा उतरवून लांबी वाढवता येते, पण हा उपाय शेवटचा. मुंढा जितका खाली, तितका हात बांधला जातो. बेताच्या शर्टात मुंढ्याचा तळ काखेच्या खाली एक ते दीड इंचावर असावा. हात वर होत नाही म्हणून मुंढा आणखी खोल कापणं, ही सगळ्यात जास्त वेळा दिसणारी उलटी दुरुस्ती आहे. तिने त्रास वाढतो. तोपर्यंत कापड कापून गेलेलं असतं, आणि मग काखेत कळी (जोडकापडाचा छोटा तुकडा) बसवण्यावाचून मार्ग उरत नाही.

कापण्याआधी सुती कापड भिजवून वाळवून घ्यावं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी राहून जातं. चार टक्के आक्रसणाऱ्या कापडात २४ इंचांची बाही पहिल्या धुण्यात जवळपास एक इंचाने तोकडी होते. आणि दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो आक्रसत नाही, त्यामुळे टिपेभोवती सुरकुत्या राहतात. कापताना बाहीच्या मध्यातून जाणारी रेष उभ्या धाग्याशी समांतर हवी. ती थोडीशी जरी तिरकी गेली तरी बाही मनगटाकडे पिळल्यासारखी फिरते, आणि तो दोष शिवून झाल्यावर कशानेच निघत नाही.

दोन्ही बाह्या कापड दुहेरी करून, सुलटावर सुलट ठेवून एकदमच कापाव्यात. एकेरी कापडावर एका मागून एक कापायच्या तर नमुना दुसऱ्या वेळी उलटावा लागतो. उलटायचा राहिला की एकाच हाताच्या दोन बाह्या तयार. बाहीची पुढची गोलाई मागच्यापेक्षा पाव ते ३/८ इंच जास्त खोल असते, कारण हात पुढे हलतात आणि तिथे जादा कापड गोळा होतं. हा फरक डोळ्यांना चटकन दिसत नाही. म्हणून पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला दोन कातरखुणा कराव्यात, माथ्यावर एक. खूण १/८ इंचापेक्षा खोल नको. कफाजवळची चीर मागच्या बाजूला, साधारण करंगळीच्या रेषेत येते. ती पट्टी आधीच शिवून घेतली की बाही जोडताना पुढचं-मागचं ओळखायला वेगळी खूण लागत नाही, आणि सपाट बाहीवर ती शिवायला सोपीही जाते.

क्रमाचं म्हणाल तर शर्टाला नळी करून बाही बसवण्याचं कारणच नाही. योक आणि खांदे जोडून झाले की शर्ट टेबलावर उघडा पसरतो, मुंढा सपाट कमानीसारखा समोर येतो. बाही तेव्हाच जोडावी. तिच्या टिपा, इस्त्री, वरची टीप सगळं उरकून घ्यावं आणि मग बाहीची खालची शिवण आणि कुशीची शिवण एकाच दमात, कफाच्या टोकापासून घेरापर्यंत मारावी. कमी माथ्याची बाही अशीच बसते. माथा सहा-साडेसहा इंच असेल तर सपाट जोडताना वळणं एकमेकांशी झगडतात, तिथे नळीची रीत बरी. एवढ्यावरूनही ओळखता येतं की हातातला नमुना शर्टाचा आहे की कोटाचा.

माया किती ठेवायची ते कडा कशा बंद करायच्या यावर अवलंबून आहे. कडा ओव्हरलॉक किंवा झिगझॅग करून वरून एक टीप मारायची असेल तर दोन्हीकडे ३/८ इंच. तयार नमुन्यात ५/८ इंच दिलेली असेल तर ती मुंढ्यात कमी करून घ्यावी. रुंद माया खोलगट वळणावर ताणत नाही, मग लोक तिला काप देत बसतात आणि ते काप दोन-चार धुण्यांत टिपेपर्यंत उसवतात. ३/८ इंचाला काप लागत नाहीत. आत दुमडून दोन टिपांची पक्की शिवण करायची असेल तर अंगाला, म्हणजे शर्टाच्या धडाला, ३/८ इंच आणि बाहीच्या माथ्याला पाऊण इंच ठेवावा. रुंद माया बाहीचीच का, यालाही कारण आहे. शिवण अंगाच्या बाजूला पाडायची असते, आणि मुंढ्यापासून अंगाच्या आत सरकलं की रेष लांब होत जाते. बाहीच्या फुगीर भागाची कडही टिपेपेक्षा लांब असते. दोन्ही लांब्या जुळतात, म्हणून खांद्यावर ती सपाट पडते. उलट केलं, म्हणजे अंगाची रुंद माया बाहीवर पाडली, तर आखूड कड लांब रेषेवर ताणावी लागते आणि शिवण आत ओढते. काखेजवळ बाहीचीही कड खोलगट असल्यामुळे तिथे थोडं ताणलं जातंच. तेवढा चार-पाच इंचांचा भाग उरेब (धाग्याला तिरका) आहे, इस्त्री करताना बोटांनी हलका ताणून घेतला की जमतो.

पक्क्या शिवणीसाठी बाही जोडण्याआधीच माथ्याच्या कडेपासून ३/८ इंचावर लांब टाक्यांची, इंचाला ६ टाके पडतील अशी एक टीप मारावी आणि त्या टिपेवर कड सुलट बाजूकडे दुमडून इस्त्रीने घडी पाडून ठेवावी. सुलटकडे, उलटकडे नव्हे. इथे गडबड झाली की शेवटी कच्ची कड बाहेर दिसते. घडी पाडल्यावर ती उघडायची आणि मग बाही अंगाला लावायची.

टाचण्या मोजक्याच, पण जागच्या जागी. सुलटावर सुलट ठेवून आधी माथ्याची खूण खांद्याच्या खुणेला, मग काखेची दोन टोकं, मग पुढच्या-मागच्या कातरखुणा, आणि त्यानंतर मधल्या जागा. टाचणी कडेला काटकोनात असावी आणि सुई तिच्यापर्यंत पोचण्याआधी काढावी. योकच्या शर्टात एक चूक हमखास होते. माथ्याची खूण योकच्या पुढच्या शिवणीला लावली जाते. योक खांद्यावरून पुढे आलेलं असतं, बहुतेक नमुन्यांत इंचभर, कधी त्याहून जास्त. त्या शिवणीला माथा लावला की सगळी बाही तेवढी पुढे फिरते आणि मागच्या बाजूला दंडावर तिरके ताण पडतात. खांद्याची खरी रेष योकच्या नमुन्यावर आखून तिची कातरखूण कापडावर घ्यावी, माथा तिलाच जुळवावा.

शिवताना बाही खाली, मशीनच्या दात्यांकडे, आणि अंग वर. दाते खालचं कापड पुढे ढकलतात आणि प्रेसर फूट वरचं कापड मागे धरून ठेवतो, म्हणून खालचा थर थोडा जिरतो आणि वरचा थोडा ताणला जातो. बाहीत असलेला पाव-अर्धा इंच याने आपसूक बसतो, दोरे ओढावे लागत नाहीत. हेच उलटं ठेवलं तर जास्तीचं कापड फुटापुढे लाटेसारखं जमत जातं आणि शेवटी एक मोठी चुणी दाबून शिवावी लागते. सैल विणीच्या कापडाचा मुंढा शिवताना फार ताणतो. त्याला कापल्याबरोबर कडेपासून पाव इंचावर एक साधी टीप मारून ठेवावी. पक्क्या शिवणीत बाहीची कड अंगाच्या कडेबाहेर ३/८ इंच दिसत राहिली पाहिजे, टीप अंगाच्या कडेपासून ३/८ इंचावर. हाताने नुसतं वळण द्यायचं, कापड ओढायचं नाही. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टीप एकसलग जावी. खांद्यापासून दोन्हीकडे दोन टिपा मारल्या तर दुसऱ्या वेळी थर उलटे होतात आणि एक बाजू वेगळी दिसते.

सुई पॉपलिनला ११ नंबर, तलम लॉनला ९, जाड ऑक्सफर्डला १४. टाके इंचाला १२ ते १३. तलम कापडावर टीप आकसत असेल तर दोऱ्याचा ताण कमी करण्याआधी फुटाचा दाब कमी करून पाहावा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच भागतं.

टीप झाली की लगेच माया पाडून इस्त्री फिरवू नये. आधी शिवण आहे तशीच, दोन्ही थर एकावर एक असताना दाबावी. त्याने टाके कापडात बसतात. मग माया अंगाकडे पाडून दाबावी, बाहीकडे नाही. बाहीकडे पाडलेली माया खांद्यावर फुगवटा देते, तो फुग्याच्या बाहीला हवा असतो. पक्की शिवण करताना अंगाची माया पाव इंचापर्यंत कातरावी, म्हणजे ती घडीत चुरगळत नाही. बाहीची कड आधीच्या घडीवर दुमडून तिच्यावर पांघरावी, टाचावी किंवा कच्चा दोरा घालावा आणि घडीच्या काठाला लागून दुसरी टीप मारावी. ही टीप सुलट बाजूने मारली तर बाहेरून सरळ दिसते, पण आतली घडी सुटण्याची भीती असते. आतून मारली तर घडी नक्की सापडते, मात्र बाहेर दिसणारी टीप बॉबिनच्या दोऱ्याची असते, म्हणून ताण आधी चिंधीवर तपासावा. नवशिक्याने कच्चा दोरा घालून सुलट बाजूनेच मारावी, असं आमचं मत. कच्च्या दोऱ्याला लागणारी दहा मिनिटं उसवण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा कमीच असतात.

तलम कापडाला फ्रेंच शिवण चालते. उलटावर उलट ठेवून पाव इंचावर टीप, माया १/८ इंचापर्यंत कातरून, मग सुलटावर सुलट करून पुन्हा पाव इंचावर टीप. त्यासाठी दोन्हीकडे अर्धा इंच माया ठेवावी. जाड कापडात ती काखेत टोचते.

काखेतला चौक हा वेगळाच प्रश्न आहे. पक्क्या शिवणीत चार थर असतात. तशीच पक्की शिवण कुशीला केली तर दोन शिवणी जिथे छेदतात तिथे चारचे सोळा थर होतात. घरगुती मशीन तिथे अडकतं, टाके सोडतं, क्वचित सुई मोडते. कुशीची टीप मारण्याआधी दोन्ही मुंढ्यांच्या शिवणी नेमक्या जुळवून तिथे टाचणी घालावी, आतले कातरता येण्याजोगे थर कातरावेत आणि त्या जागी पाण्याचा हात लावून, वर एक चिंधी ठेवून लाकडी हातोडीने दोन-चार ठोके द्यावेत. कापड चेपतं. मग १४ नंबरची सुई लावून तेवढा इंचभर भाग हातचाक फिरवून शिवावा. फूट चढाला मागे झुकत असेल तर त्याच्या मागच्या टोकाखाली त्याच जाडीची कापडाची घडी सरकवावी, म्हणजे तो सपाट राहतो आणि टाका सुटत नाही. एवढी यातायात नको असेल तर कुशीला साधी शिवण करून ओव्हरलॉक करावं. काखेत तेवढं पुरतं.

अंगावर घालून पाहिल्यावर दिसणारे दोष उलट वाचता येतात. खांद्याच्या टोकावर चुण्या आणि बाकी सगळं ठीक, तर मुंढ्याच्या मानाने बाहीच्या गोलाईची लांबी जास्त. दोन कातरखुणांमधलाच भाग उसवायचा, ओल्या कापडाने दाबून जुन्या टाक्यांची भोकं मिटवायची आणि माथा काढायचा असेल तितका कमी करून पुन्हा शिवायचा, पूर्ण बाही उसवण्याची गरज नाही. माथ्यावरून दंडाकडे दोन्ही बाजूंना ताण जात असेल, जणू बाही खांद्याला टांगली आहे, तर माथा कमी पडला आहे. शिवणीतली माया असेल तेवढी सोडवून पाहावी. एकाच बाजूला तिरके सळ असतील तर बाही फिरली आहे. ते पुढच्या बाजूला असोत की मागच्या, काखेची टोकं न हलवता माथ्याची खूण पाव ते अर्धा इंच इकडे-तिकडे सरकवून कच्च्या दोऱ्यावर तपासावं. ज्यांचे खांदे पुढे झुकलेले असतात त्यांना माथा थोडा पुढेच लागतो, नमुन्यातली खूण त्यांना जुळणार नाही. आणि दोन्ही बाह्यांत तोच दोष उलट दिशेने दिसत असेल, तर उजवी-डावी बदलली आहे का ते आधी पाहावं. चीर पुढे आली असेल तर उत्तर मिळालंच.

चौकडीच्या कापडात आडव्या रेषा सगळ्या मुंढ्यात जुळाव्यात असा हट्ट धरू नये, ते भूमितीलाच मंजूर नाही. पुढच्या कातरखुणेवर रेष जुळवायची. तिथून काखेपर्यंत ती बरीचशी जुळलेली राहते, वर खांद्याकडे सुटत जाते आणि डोळ्यांना खटकत नाही. त्यासाठी आधी अंगाचा पुढचा भाग कापून त्यावरची रेष कातरखुणेपाशी बाहीच्या कागदी नमुन्यावर पेन्सिलने उतरवावी आणि मगच बाही कापावी. नमुना उलटून दुसरी बाहीही त्याच रेषेवर.

अर्ध्या बाहीला माथा, माया, क्रम सगळं हेच. तिथे फक्त मोरीकडे, म्हणजे बाहीच्या खालच्या तोंडाकडे, लक्ष द्यावं लागतं. बाही मोरीकडे निमुळती होत जाते, आणि दुमडायचा इंच-सव्वा इंच तसाच निमुळता कापला तर आत वळवल्यावर तो बाहीपेक्षा अरुंद पडतो आणि मोरी आत खेचते. कागद मोरीच्या रेषेवर दुमडून मगच कडेची रेष कापली की दुमडीचा भाग बाहेर फाकतो आणि बरोबर बसतो.

लेखासोबत दिलेल्या आकृतीत बाहीचा माथा किती इंच आणि माया धरून की सोडून, हे लिहिलेलं नाही. पुढच्या भागात तेवढे दोन आकडे आणि टिपेवर मोजलेला मुंढा छापावा, आणि दोन ढिल्या टिपांची सूचना लोकरी कोटापुरती आहे असं नमूद करावं, ही विनंती.

कळावे,
आपले,
शिवण शिकवणारे काही वाचक